सुई टोचून घेऊ की तेल लावून घेऊ?

प्रश्न : मॅडम, मी देवगड तालुक्यातला बागायतदार. वय ५२. घरची आणि कराराने घेतलेली मिळून दीडशेक कलमं सांभाळतो. मार्चपासून हातात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, असतो. यंदा एप्रिल संपता संपता उजवा खांदा आणि मानेखालचा भाग धरला, तो जून उजाडला तरी सुटत नाही. मुंबईतल्या मुलाची कंबर ॲक्युपंक्चरने बरी झाली. तो म्हणतो, इकडे या, दहा बैठका घेऊ. घरून म्हणणं असं की वाडीतल्या एका म्हातारीच्या हाताला गुण आहे, तिच्याकडून चोळून घ्या. मित्र विचारतात, सुये टोचून दुखणा कसा जातला? दुखण्याच्या गोळ्या खाऊन आता पोटात जळजळतं. दोन्हींपैकी काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहून गेली. रात्री उजव्या कुशीवर झोपता येतं का? सुई आणि तेल यांतून काय निवडायचं हा पुढचा प्रश्न. तुमचं दुखणं स्नायूचंच आहे की आणखी कशाचं, ते आधी बघू. त्यासाठी घरीच थोडं तपासून बघा.

डाव्या हाताची बोटं मान आणि उजवा खांदा यांच्या मधल्या मांसल भागात रुतवा. तिथे सुंभासारखी ताठ शीर लागते का, आणि ती दाबल्यावर ‘हेच ते दुखणं’ असं वाटतं का? मग कुणाला तरी पाठीमागे उभं करून खांद्याच्या पसरट हाडावर, मधोमध, अंगठा दाबायला सांगा. आंबा काढणाऱ्या माणसांत इथे हमखास एक बिंदू सापडतो. गेल्या मे महिन्यात एका काकांच्या खांद्यावर मी तिथे अंगठा ठेवला, तर ते दचकून म्हणाले, “अहो, कळ पुढून दंडात उतरली!” मी पाठीवर दाबत होते आणि दुखत होता दंड. स्नायूतल्या गाठीची ही खूण आहे. दाबतो एके ठिकाणी, दुखतं दुसरीकडे. अशी खूण मिळाली तर बरंच आहे, कारण हे दुखणं सुईलाही ऐकतं आणि हातालाही.

आता हात समोरून डोक्यावर न्या. तुमचा तुम्हाला जात नाही, पण दुसऱ्याने अलगद उचलला तर जातो, आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, असं असेल तर स्नायू हाडाला जिथे चिकटतो ती कंडरा दुखावलेली असण्याचा संभव जास्त. तिथे म्हातारीने जोर लावून रगडलं तर दुखणं वाढेल. आणि दुसऱ्याने उचलला तरी हात एका ठिकाणी येऊन अडकत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर म्हणजे आखडलेला खांदा असू शकतो. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो. साखर तपासली नसेल तर या आठवड्यात तपासाच.

पत्र उजव्या खांद्याचं आहे, तरी सगळ्याच वाचकांसाठी लिहिते. चढ चढताना खांदा, दंड किंवा जबडा दुखतो, थांबलं की कमी होतं, सोबत छाती जड होते किंवा घाम फुटतो, असं असेल तर चोळायलाही जाऊ नका आणि टोचायलाही. सरळ ईसीजी काढायला जा.

तुमचं दुखणं स्नायूचं निघालं असं धरून पुढे लिहिते.

मी तुमच्या जागी असते तर आधी मालीश केलं असतं. याला कारण साधं आहे. म्हातारी वाडीत आहे आणि मुंबई दूर आहे. स्नायूच्या दुखण्यात एकदा भरपूर उपाय केला आणि महिनाभर काहीच केलं नाही, याने काही साधत नाही. थोडा उपाय, पण नेमाने, हे जमायला हवं. देवगडहून मुंबईला रात्रभर बसून जायचं, सुया टोचून घ्यायच्या आणि परत रात्रभर मान वाकडी करून यायचं, यात मिळालेला आराम रस्त्यातच संपेल. मुलाकडे महिनाभर राहणार असाल तर गोष्ट वेगळी.

अशा म्हाताऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्या शिक्षणात मालीशचा अभ्यासक्रम होता, परीक्षा होती, तरी बोटांना ‘दिसणं’ मी एका तेल लावणाऱ्या आजींकडे बघून शिकले. त्या बाळंतिणींना तेल लावायच्या. खोबरेल तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायच्या, आधी स्वतःचे तळहात एकमेकांवर घासायच्या आणि पाठीवर हात नुसता टेकवून थोडा वेळ काहीच करायच्या नाहीत. श्वास मोजत असाव्यात तशा. मग हाताचा पंजा सावकाश खाली यायचा आणि एका जागी थांबायचा. “हयसर आसा,” एवढंच म्हणायच्या. तिथे अंगठा टेकवून, गाठ आपणहून सैल होईपर्यंत थांबायच्या. कधी ओरबाडणं नाही, कधी ‘कट्’ आवाज काढणं नाही. तुमच्या वाडीतली म्हातारी अशी असेल तर आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, तीन आठवडे तिच्याकडे खुशाल जा. आधी गरम पाण्याच्या पिशवीने किंवा निर्गुडीचा पाला उकळलेल्या पाण्याने शेकून घ्या. दाब इतपत असावा की दुखतंय पण हवंसं वाटतंय. दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं तर दाब चुकला. आणि ती मान पिळून हाड ‘बसवायला’ लागली तर तिला नमस्कार करून उठा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अशा झटक्याने क्वचित इजा होते. अशी इजा क्वचितच होते, पण झाली तर ती आयुष्यभराची ठरू शकते.

चोळल्याने ‘साचलेली घाण निघून जाते’ असं सगळीकडे सांगतात. तसं काही साचलेलं नसतं. मेहनतीने तयार झालेलं लॅक्टिक आम्ल शरीर तासा-दोन तासांत आपलं आपणच निस्तरतं. चोळल्याने होतं ते असं की त्वचेतल्या आणि स्नायूतल्या मज्जातंतूंना सुखद संदेश जातो, दुखण्याचा संदेश त्याखाली दबतो, आणि दुखेल या भीतीने आवळून धरलेला स्नायू सैल सोडायचं धाडस माणसाला होतं. हा आराम खरा असतो, पण टिकाऊ नसतो. कंबरदुखीवर मालीशचे जे अभ्यास झाले त्यांतही हेच दिसतं. लगेच बरं वाटतं, काही महिन्यांनी फरक उरत नाही.

आता सुया. तुमच्या मित्रांची शंका रास्त आहे आणि तिला उत्तरही आहे. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते, आपल्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक आणि आतून भरीव. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत एक जडसर, बोथट ठणका जाणवतो. चिनी वैद्य या ठणक्याची वाट बघतात. सुईने मज्जातंतू चाळवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, असं आजचं शास्त्र सांगतं. ही चिनी विद्या आपल्याकडे आली त्यात आपल्या मातीचाही धागा आहे. १९३८ साली चीनला मदतीसाठी जे पाच भारतीय डॉक्टर गेले त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तिथेच १९४२ मध्ये वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

गुण किती येतो? २०१८ साली ३९ चाचण्यांमधल्या जवळजवळ २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. मान, पाठ, खांदा, गुडघा आणि डोकं यांच्या जुनाट दुखण्यात सुयांनी फायदा दिसला, आणि वर्षानंतरही त्यातला बराचसा टिकून होता. पण खोट्या सुया, म्हणजे वरवर टोचलेल्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या, यांच्याशी तुलना केली तेव्हा फरक लहानच निघाला. म्हणजे गुणाचा मोठा वाटा नेमक्या बिंदूचा नसून शांत पडून राहण्याचा, कुणीतरी लक्ष देण्याचा आणि विश्वासाचाही आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. पण दहा बैठकांचे पैसे आधी मोजणाऱ्याला हे कळायला हवं. मोठमोठ्या संस्थांचंही यावर एकमत नाही. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं, आणि तिनेच २०२१ मध्ये ज्याचं दुसरं कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी त्याचा विचार करा असं म्हटलं. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी शेक, मालीश आणि ॲक्युपंक्चर ही तिन्ही गोळ्यांच्या आधी ठेवली.

२२ वर्षं कणकवलीत रुग्ण बघून माझं मत असं झालंय. दुखणं ताजं असेल, पसरलेलं असेल, अंग आखडलं असेल, तर हात. तीन महिने उलटले, एक-दोन ठरावीक जागा सुटतच नाहीत, चोळून दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, तर सुई. तुमचं दुखणं या दोन्हींच्या मध्ये आहे. म्हणून तीन आठवडे मालीश करून बघा. फरक टिकत नसेल तर सुयांकडे वळा, पण दहा बैठकांचं आधीच कबूल करू नका. चार ते सहा बैठकांत हात किती वर जातो हे भिंतीवर पेन्सिलने खूण करून मोजा. खूण वर सरकली नाही तर थांबा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि या उपचारकांची परिषदही आहे. नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे आणि सुई वापरून टाकून दिली पाहिजे. तुमचं दुखणं खांद्याच्या वरच्या भागात आहे. त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं. नवख्या हाताने तिथे सुई खोल घातली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. सुया घेतल्यावर दम लागला किंवा छातीत टोचायला लागलं तर घरी न जाता दवाखाना गाठा.

पण मला खरी काळजी पुढच्या मार्चची आहे. सुई असो की तेल, त्याने तुम्हाला काही तास, फार तर काही दिवस मोकळा खांदा मिळतो. त्या वेळात खांद्याला कामाला लावलं तर तो मोकळा राहतो, नुसतं झोपून राहिलात तर पुन्हा आखडतो. मालीश झाल्यावर त्याच दिवशी दाराच्या चौकटीत उभं राहा, कोपर अंगाला चिकटवून मुठीची बाहेरची बाजू चौकटीवर दाबा, दहा अंक मोजेपर्यंत, दहा वेळा. मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या. आठवडाभराने एक लिटर पाण्याची बाटली घेऊन हात बाजूने खांद्याइतका उचला. हे जमिनीची मशागत करावी तसं पावसाळाभर करा. आंब्याच्या हंगामात सुरू करून उपयोग नाही.

आणि झेला बदला. डोळे वर, मान मागे, दोन्ही हात डोक्यावर, आणि फळ सुटावं म्हणून हिसका. खांदा त्या हिसक्याने जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला देठ कापून फळ जाळीत घेतो. देठ राहिल्याने चीक फळावर येत नाही म्हणून बागायतदार तो घेतात, मी मात्र खांद्यासाठी घ्या असं सांगते. अर्धा तास काढणी झाली की अर्धा तास फळांची प्रतवारी करायला बसा, त्या वेळी झेला दुसऱ्याकडे द्या. क्रेट दोघांनी उचला. गडी कमी आहेत हे मला माहीत आहे, तरीही.

गोळ्या मात्र आजच बंद करून डॉक्टरांना दाखवा. पोट जळजळतंय याचा अर्थ जठराला इजा व्हायला लागली असू शकते. अशा गोळ्यांनी रक्तदाब आणि मूत्रपिंड यांवरही ताण येतो. शौचाला काळं झालं तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, मालवणला माझ्याकडे असते. हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. पाठ आणि पोटऱ्या दुखतात. गावात ॲक्युपंक्चरचं मोफत शिबिर आहे. नेऊ का? की घरीच तेल लावू?

उत्तर : शिबिरात नेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना बारीक सुया घेताच येत नाहीत असं नाही, पण त्या आधी रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, बघून, कुठे टोचायचं आणि किती खोल हे ठरवून घ्याव्या लागतात. गर्दीच्या मंडपात एवढी चौकशी व्हायला कुणाला वेळ नसतो. शिवाय झडप बदललेली आहे, म्हणजे सुईतून जंतू रक्तात जाण्याची जोखीम त्यांच्यासाठी इतरांहून मोठी. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नको.

घरी तेल लावा, अगदी हलक्या हाताने, लहान मुलाला लावतो तसं. लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एक सुजलेली, गरम, लालसर किंवा दाबल्यावर दुखणारी असेल तर तिला हातही लावू नका. शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्या दिवशी तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि रिक्षा बोलवा.

प्रश्न : भातलावणीला उतरलं की चार दिवसांत कंबर आणि पोटऱ्या भरून येतात. मालीश कधी करावं, पहिल्याच दिवशी की दुखणं मुरल्यावर? — कुडाळहून एक ताई

उत्तर : ताई, नेहमीच्या मेहनतीचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि पाच-सहा दिवसांत आपोआप उतरतं. पहिल्या दोन दिवसांत कोमट पाणी, हलकं तेल आणि थोडं चालणं पुरे. जोराचं मालीश तिसऱ्या दिवसानंतर. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ घ्यायची पद्धत अजून काही वाड्यांत आहे. ती घेऊ नका, विशेषतः पन्नाशीनंतरच्या बायकांनी. हाडं ठिसूळ झालेली असतात, मणका दबतो.

पण ज्यासाठी तुमचं पत्र मी मुद्दाम निवडलं ती गोष्ट वेगळी आहे. व्यवसाय सुरू करून मला तीन वर्षं झाली होती तेव्हाची. जुलै महिना, सतत पाऊस. एक बाई आल्या. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून, लावणी करून पोटऱ्या धरल्यात म्हणाल्या. वाकून काम केलंय, चिखलात पाय ओढलेत, मला कारण समोरच दिसलं. मी शेक दिला, तेल लावलं, व्यायाम शिकवला. अंग किंचित गरम लागलं, तेही मी शेकाचंच समजले. ताप आहे का हे विचारलं नाही. पायाच्या बोटांमध्ये चिखल्यांनी पडलेली चीर मला दिसली होती, तिचाही मी विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे डोळे लाल झाले, लघवी कमी झाली. त्यांच्या वाडीत फिरणाऱ्या आशाताईंनी ते ओळखलं आणि त्यांना रुग्णालयात पोचवलं. लेप्टो होता. मूत्रपिंडाला धक्का लागला होता, पण वाचल्या. मी वाचवलं नाही, आशाताईंनी वाचवलं.

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरेतून अंगात शिरतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे. त्याची खास खूण म्हणजे ताप, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की बोट लावू देत नाहीत. म्हणून लावणीपासून दिवाळीपर्यंत माझ्या दवाखान्यात दुखणाऱ्या पोटरीला आधी थर्मामीटर आणि मग हात. तुम्हीही घरी तेच करा. ताप असेल तर ना सुई, ना तेल, ना ‘उद्या बघू’. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वेळेत साध्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. दोडामार्गाकडच्या वाचकांनी काजूच्या हंगामातही हे ध्यानात ठेवावं. २०१६ पासून तिथे माकडतापाचे, म्हणजे रानातल्या गोचिडींमधून पसरणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडलेत, आणि तोही अंगदुखी आणि तापानेच सुरू होतो.

लावणीच्या दिवसांत उपकेंद्रात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या घेताना गरोदर असाल तर तसं सांगा, कारण गरोदरपणात त्या चालत नाहीत. गमबूट घालून चिखलात पाय उचलत नाही हे मलाही माहीत आहे. पण पायाला ताजी चीर असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका, आणि संध्याकाळी साबणाने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, मगच तेल लावा.

त्या बाई अजूनही दरवर्षी लावणी संपली की कंबर घेऊन येतात. चप्पल काढायच्या आधी दारातूनच सांगतात, “माका ताप नाय हां.”